गुगलची ‘वेव्ह’ का ओसरली?



यशाच्या गोष्टी आपण मुलांना पुष्कळ सांगतो. कुणी गॅरेजमध्ये कंपनी काढली, कुणी कॉलेज सोडून ॲप बनवलं आणि अब्जाधीश झाला. दहावीच्या वर्गात विचारलं तर प्रत्येकाला अशा दोन-तीन गोष्टी पाठ असतात. फसलेल्या गोष्टी मात्र फारशा कुणी सांगत नाही. शिक्षक म्हणून माझा अनुभव असा की, बरोबर सुटलेल्या गणितापेक्षा चुकलेल्या गणितावर तास घालवला तर मुलं जास्त शिकतात. नेमकं कोणत्या पायरीवर चुकलं हे सापडलं की तो धडा पक्का बसतो.

म्हणून या महिन्यात एका चुकलेल्या गणिताची गोष्ट. ते सोडवणारे काही ढ नव्हते, वर्गात पहिले येणारे होते. कंपनी होती गुगल आणि वस्तूचं नाव होतं ‘गुगल वेव्ह’. वेव्ह म्हणजे लाट. २००९ साली ही लाट आली तेव्हा आता ईमेल संपलं, असं भले भले बोलू लागले होते. सव्वा वर्षाच्या आत गुगलनेच तिचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. आज घरातल्या कॉलेजच्या मुलाला विचारून पाहा, त्याने हे नावही ऐकलेलं नसेल.

दोन भाऊ आणि एक प्रश्न

लार्स आणि येन्स रासमुसेन हे दोघे सख्खे भाऊ, मूळचे डेन्मार्कचे. ऑस्ट्रेलियात सिडनीला दोन साथीदारांबरोबर त्यांनी नकाशांचं सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी काढली होती. २००४ मध्ये गुगलने ती विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या कामातून गुगल मॅप्स जगासमोर आलं. आज रिक्षावालाही ज्याच्या भरवशावर अनोळखी गल्लीत शिरतो तेच हे मॅप्स. साहजिकच गुगलमध्ये या भावांचं वजन वाढलं. पुढे काय करायचं, हे ठरवायची मोकळीक त्यांना मिळाली.

येन्सच्या डोक्यात एक प्रश्न होता. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिलं ईमेल पाठवलं ते १९७१ मध्ये. तेव्हा डोळ्यांसमोर नमुना होता टपालाचा. पत्र लिहायचं, पत्ता टाकायचा आणि पाठवून द्यायचं. तो शोध तेव्हा न लागता आज लागला असता, तर ईमेलचं रूप कसं असतं?

प्रश्न चांगलाच होता. आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. समजा, निकाह ठरला आहे आणि पाहुण्यांची यादी करायची आहे. मुंब्र्याला चाचा, मालेगावला खाला, कुवेतला मोठा भाऊ. तुम्ही यादी लिहून तिघांना ईमेल केलं. चाचांनी त्यात पाच नावं घातली. खालाने तुमच्या मूळ यादीतली दोन नावं खोडली. भावाने रात्री ड्युटीवरून आल्यावर आणखी तिसरंच काही केलं. आता चार ठिकाणी चार याद्या झाल्या आणि जेवणाच्या ठेकेदाराला कोणती द्यायची हे कुणालाच ठाऊक नाही. ईमेलमध्ये प्रत्येकाकडे वेगळी प्रत जाते, त्यामुळे हा गोंधळ होतो.

वेव्हने यावर उपाय काढला. यादी एकच, ती गुगलच्या संगणकावर राहणार आणि चौघे तिच्यावर एकाच वेळी लिहिणार. कुणी नाव घातलं की बाकीच्या तिघांना ते त्याच क्षणी दिसणार. मजकुराच्या मधल्या कुठल्याही ओळीखाली उत्तर लिहिता येणार. उशिरा आलेल्याला सगळी चर्चा पहिल्यापासून चित्रपटासारखी चालवून पाहता येणार. शिवाय त्यातच फोटो, नकाशा, हो-नाहीचं मतदान, आणि एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत करून देणारा यंत्रमानवही.

हे बोलायला सोपं, पण करायला अवघड होतं. का, ते पाहा. ‘पाहुणे शंभर येतील’ असं तीन शब्दांचं वाक्य आहे. चाचांनी शंभरच्या आधी ‘सुमारे’ घातलं. त्याच क्षणी खालाने तिसरा शब्द बदलून ‘येतील’च्या जागी ‘येणार’ केलं. पण चाचांच्या शब्दामुळे आता तिसऱ्या जागेवर ‘शंभर’ आला आहे. यंत्राने डोळे मिटून तिसरा शब्द बदलला तर ‘पाहुणे सुमारे येणार येतील’ असं काहीतरी होऊन बसेल. म्हणून खालाचा हुकूम अमलात आणण्याआधी यंत्राने तो मागे-पुढे सरकवून घ्यायला हवा. वेव्हमध्ये हे शब्दाशब्दाला नाही, अक्षराअक्षराला चालत असे, आणि तेही जगाच्या वेगवेगळ्या टोकांना बसलेल्या माणसांसाठी. हुशारीत कुठेच कमी नव्हती.

२८ मे २००९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, गुगलच्या वार्षिक मेळाव्यात वेव्ह दाखवली गेली. प्रात्यक्षिक सव्वा तासाहून जास्त चाललं आणि समोर बसलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ३० सप्टेंबरला सुमारे एक लाख लोकांना वापरायची आमंत्रणं देण्यास सुरुवात झाली. त्या आमंत्रणांची इतकी ओढ होती की लोक ती ईबेवर विकायला काढू लागले.

मग चुकलं कुठे?

दावत दिली, पण एकेकट्याला

पहिली चूक आमंत्रणातच होती. गुगलने हाच प्रकार आधी जीमेलच्या वेळी केला होता. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालं आणि जवळजवळ तीन वर्षं ते आमंत्रणावरच मिळत होतं. तेव्हा ही युक्ती छान जमली. ज्याच्याकडे जीमेल आहे तो भाव खाऊन जायचा. मग वेव्हलाच ती का जमली नाही?

फरक साधा आहे. जीमेल एकट्याला मिळालं तरी त्याचा उपयोग होता, कारण त्यावरून याहूवाल्याला, हॉटमेलवाल्याला, कुणालाही पत्र जात होतं. वेव्हवरून फक्त वेव्हवाल्याशीच बोलता येत होतं. तुम्हाला आमंत्रण आलं, तुम्ही हौसेने आत शिरलात, तर आत ओळखीचं कुणीच नाही. तुमच्याकडे पुढे वाटायला थोडी आमंत्रणं असत, पण ती पाठवली तरी समोरच्याला लगेच मिळतील याची खात्री नव्हती.

दस्तरखान घातलं आहे, बिर्याणीचा सुगंध दरवळतो आहे, पण पाहुण्यांना आज एक, परवा एक असं बोलावलंय. पहिला पाहुणा थोडा वेळ एकटाच बसेल, भिंतीकडे पाहील आणि उठून जाईल. दुसरा येईल तेव्हा पहिला गेलेला असेल. जेवण कितीही चांगलं असलं तरी दावत काही रंगणार नाही.

बोलण्याच्या साधनाचं हे वैशिष्ट्यच आहे. मिक्सर शेजाऱ्याकडे नसला तरी तुमच्या घरी चटणी होते. फोन मात्र दुसऱ्याकडे असेल तरच तुमच्या फोनला अर्थ आहे. ज्या माणसांशी आपल्याला रोज बोलायचं असतं ती सगळी एकदम तिथे हवीत. गुगलने एक लाख लोक निवडले, पण ते एक लाख घरांतले एकेक लोक होते. त्यापेक्षा एखादी पूर्ण शाळा, एखादं पूर्ण कार्यालय किंवा एखादं पूर्ण कुटुंब आत घेतलं असतं तर निदान तिथे तरी संभाषण जमलं असतं.

त्यात आणखी एक अडचण होती. त्या काळी जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा ब्राउझर होता मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. वेव्ह त्यावर सरळ चालत नव्हती, त्यासाठी गुगलचा वेगळा तुकडा बसवून घ्यावा लागे. पाहुण्यांची संख्या आधीच कमी, त्यात दारालाही उंबरठा उंच.

शिवाय वेव्हमध्ये कुणी उत्तर लिहिलं तर त्याची वर्दी ईमेलवर येण्याची सोय सुरुवातीला नव्हती. म्हणजे निरोप आला का, हे पाहायला तुम्ही आठवणीने तिथे जायचं. चार दिवस गेलात, काही सापडलं नाही, तर पाचव्या दिवशी कोण जाईल? ती सोय पुढे आली, पण तोवर लोकांचे पाय तिकडे वळायचे थांबले होते.

हे आहे तरी काय?

दुसरी चूक मला शिक्षक म्हणून जास्त जाणवते. वेव्ह म्हणजे काय, हे कुणालाच एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

ईमेल म्हणजे काय? संगणकावरचं पत्र. चॅट म्हणजे काय? लिहून केलेल्या गप्पा. दादीलाही समजतं. वेव्ह म्हणजे काय? तर थोडं ईमेल, थोड्या गप्पा, थोडी वही, थोडा अल्बम, शिवाय आणखी बरंच काही. जिना ट्रपानी आणि ॲडम पॅश यांनी तर वेव्ह कशी वापरायची हे सांगणारं पुस्तकच लिहिलं. पुस्तक उपयोगी होतं, पण विचार करा, दोन माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून आधी पुस्तक वाचायचं!

नवीन घटक शिकवताना आम्हाला बी.एड.ला पहिली गोष्ट सांगितली जाते की, माहीत असलेल्याकडून माहीत नसलेल्याकडे जा. अपूर्णांक शिकवायचा तर आधी भाकरी समोर ठेवा. वेव्हने मुलाच्या हातात भाकरी न देता एकदम पूर्ण पाठ्यपुस्तक ठेवलं. नावंही नवी, बटणंही नवी, पडदाही नवा. त्यातल्या एकेका मजकुराच्या तुकड्याला ‘ब्लिप’ म्हणायचं हेसुद्धा आधी शिकायचं.

मुळात गुगलने एक सोपा प्रश्न पुरेसा विचारलेला दिसत नाही. कुणाची कोणती अडचण आम्ही सोडवतो आहोत? निकाहच्या यादीची अडचण खरी आहे, पण ती रोजची नाही. रोजचं बोलणं म्हणजे ‘पोचलात का?’, ‘दूध आणा’, ‘अम्मीची तब्येत कशी आहे?’ एवढंच असतं. त्यासाठी चित्रपटासारखी मागे-पुढे चालणारी चर्चा कुणाला हवी होती?

अर्धवट वाक्याची पडदापोशी

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर फार कमी लिहिलं गेलं आहे.

वेव्हमध्ये तुम्ही अक्षर टाइप करताच ते समोरच्याला दिसत असे. पाठवा असं बटण दाबायची गरजच नव्हती. गुगलच्या मते ही खुबी होती. ईमेलची वाट पाहावी लागते, चॅटमध्येसुद्धा समोरचा लिहून संपेपर्यंत थांबावं लागतं. इथे वेळ वाचणार होता.

पण माणूस लिहितो कसा, ते आठवा. मेव्हण्याशी पैशांवरून कुरबुर झाली आहे. तुम्ही रागात लिहायला घेता, ‘तुमच्याकडून ही अपेक्षा’... थांबता. खोडता. पुन्हा लिहिता, ‘भाईजान, जरा समोरासमोर बसून बोलू या.’ समोरच्याला फक्त दुसरं वाक्य मिळतं. पहिलं वाक्य तुमच्या आणि कीबोर्डच्या मध्ये राहतं आणि तिथेच मरतं. घरातली किती नाती त्या खोडलेल्या वाक्यांमुळे टिकली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

वेव्हमध्ये ते पहिलं वाक्यही समोरचा वाचत होता. तुम्ही शुद्धलेखनाला अडखळलात, तेही त्याला दिसत होतं. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे, ज्याचा हात टायपिंगवर बसलेला नाही, त्याची काय अवस्था होत असेल? वर्गात फळ्यावर गणित सोडवायला उभा केलेला लाजरा मुलगा डोळ्यांसमोर आणा. तेच गणित तो वहीत शांतपणे सोडवतो. फळ्यावर चाळीस डोळे पाठीवर असताना त्याचा खडू थरथरतो. वेव्हने प्रत्येकाला फळ्यासमोर उभं केलं.

आपल्याकडे जुनी माणसं सांगतात, आधी तोलावं, मग बोलावं. तोलायला एक क्षण लागतो, आणि त्या क्षणी आपल्याकडे कुणी पाहत नसावं लागतं. संभाषणाचा अदब त्या क्षणात असतो. गुगलच्या अभियंत्यांना तो क्षण वाया गेलेला वेळ वाटला.

आता व्हॉट्सॲपकडे पाहा. तेही २००९ चंच, म्हणजे वेव्हच्याच वर्षातलं. जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन या याहूमधून बाहेर पडलेल्या दोघांनी ते सुरू केलं. त्यात समोरचा लिहितो आहे एवढंच कळतं, तो काय लिहितो आहे ते कळत नाही. नावाखाली ‘टायपिंग’ दिसतं आणि आपण थांबतो. बस, एवढंच. पुढे पाठवलेला निरोप सर्वांसाठी मिटवायची सोय आली आणि २०२३ मध्ये पंधरा मिनिटांच्या आत निरोप दुरुस्त करायचीही सोय आली. वेव्हने माणसाकडून जे काढून घेतलं होतं ते व्हॉट्सॲपने माणसाला वाढवून दिलं.

पाहुण्यांचा प्रश्नही तिथे सहज सुटला. वेगळं नाव नको, पासवर्ड नको. फोन नंबर हीच ओळख, आणि फोनमधल्या यादीतलं कोण कोण आधीच आलं आहे ते ॲप स्वतः दाखवतं. म्हणजे दावतीला गेलात की ओळखीची माणसं समोर बसलेलीच. ज्या दादीला टाइप करता येत नाही तिला पुढे बोलून निरोप पाठवायची सोय मिळाली. २०१४ मध्ये फेसबुकने हे व्हॉट्सॲप विकत घेण्याचा सौदा जाहीर केला तो १९ अब्ज डॉलर्सचा. वेव्हच्या मानाने ते किती साधं यंत्र होतं!

मग उलटी चूक

वेव्हला माणसं मिळत नाहीत हे दिसत असतानाच गुगलने दुसरी वस्तू बाजारात आणली. तिचं नाव ‘बझ’. ९ फेब्रुवारी २०१० रोजी ती थेट जीमेलच्या आत उघडली. या वेळी पाहुण्यांची वाट पाहायची नाही, असं बहुधा ठरलं असावं. तुम्ही ज्यांना वारंवार ईमेल करता, त्यांच्याशी बझने तुम्हाला आपोआप जोडून टाकलं, आणि ती यादी इतरांनाही दिसेल अशी सुरुवातीची मांडणी होती.

यात काय बिघडलं, असं वाटेल. पण माणूस वारंवार पत्र कुणाला लिहितो? कुणी डॉक्टरला, कुणी वकिलाला, कुणी दुसरी नोकरी देणाऱ्या कंपनीला. सासरच्या जाचाला कंटाळलेली एखादी मुलगी समुपदेशकाला लिहीत असेल. ही यादी म्हणजे घराच्या आतल्या खोलीचं दार, आणि बझने ते परस्पर उघडलं. मोठा ओरडा झाला. गुगलने काही दिवसांतच बदल केले. तरी प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं आणि मार्च २०११ मधल्या समझोत्यात गुगलच्या खासगीपणाच्या व्यवस्थेची २० वर्षं बाहेरच्या लोकांकडून तपासणी व्हावी असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बझ बंद करत असल्याची घोषणा झाली.

वेव्हने पाहुण्यांना एकेकटं बोलावलं, तर बझने न विचारता सगळ्यांना आत ओढलं. दोन्ही ठिकाणी राहून गेलं ते एकच. समोरच्या माणसाला विचारायचं राहून गेलं.

काळाच्या पुढे होती म्हणून?

वेव्हच्या बाजूने नेहमी एक मुद्दा मांडला जातो. ती काळाच्या पुढे होती आणि गुगलने तिला पुरेसा वेळ दिला नाही. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सर्वांसाठी ती खुली झाली १९ मे २०१० रोजी आणि ४ ऑगस्टला गुगलचे वरिष्ठ अधिकारी उर्स हॉल्झले यांनी पुढचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. अपेक्षेइतके लोक तिच्याकडे वळले नाहीत, हे त्यांनी दिलेलं कारण. मधे दिवस गेले फक्त ७७. एवढ्या दिवसांत आमच्याकडे पहिली चाचणी परीक्षासुद्धा होत नाही.

वेव्हमधलं सगळं वाया गेलं असंही नाही. आज शाळा-कॉलेजांत गुगल डॉक्समध्ये चार मुलं एकाच प्रकल्पावर एकाच वेळी लिहितात, एकमेकांचे रंगीत कर्सर त्यांना दिसतात, तिथे त्याच जातीचं तंत्र आहे. तिथेही अक्षरं समोरच्याला लगेच दिसतात, पण त्याचा कुणाला त्रास होत नाही. का? कारण आपण प्रकल्प लिहायला बसलो आहोत, हे चौघांनाही ठाऊक असतं. वहीत खाडाखोड चालते, बोलण्यात ती उघडी पडलेली आवडत नाही. वेव्हने वही आणि बोलणं एकाच भांड्यात शिजवलं. वेगवेगळं केल्यावर दोन्ही पदार्थ जमले.

म्हणून काळाच्या पुढे असणं हे माझ्या मते पूर्ण उत्तर नाही. वेळ कमी मिळाला हे खरं, पण वेळ मिळाला असता तरी बोलताना मनातलं सगळं उघडं करायला माणूस तयार झाला असता, असं मला वाटत नाही.

एका गोष्टीचं मात्र कौतुक करायला हवं. हे सगळं झाल्यावर गुगलचे तेव्हाचे मुख्य अधिकारी एरिक श्मिट यांनी उघडपणे सांगितलं की, अवघड गोष्ट करून पाहणं आणि ती फसणं आमच्याकडे चालतं, त्यातून शिकायचं असतं. परीक्षेत कमी गुण पडलेल्या मुलाशी आपण घरी जे बोलतो, त्याच्याशी हे ताडून पाहावं.

आपल्या घरासाठी

हे सगळं अमेरिकेत आणि सिडनीत घडलं, त्याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. तीन संबंध मला दिसतात.

पहिला शाळेचा. पालकांसाठी नवनवी ॲप्स येतात. हजेरीचं एक, गृहपाठाचं दुसरं, फीचं तिसरं. घरात फोन एकच, तो अब्बांबरोबर कामावर जातो, आणि अम्मीला संध्याकाळी सातला कळतं की उद्या चित्रकलेचं सामान न्यायचं आहे. शेवटी सूचना पुन्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा मुलाच्या डायरीतच येते. नवं साधन निवडण्याआधी आम्ही शिक्षकांनी आणि तुम्ही पालकांनी एकत्र बसून विचारायला हवं की, हे कुणाकडे पोचणार नाही? जी आई वाचू शकत नाही तिच्याकडे कसं पोचेल? पालकसभेत हा प्रश्न तुम्ही विचारा. कुठलाही चांगला मुख्याध्यापक त्याचं स्वागतच करेल.

दुसरा मुलांच्या पडद्याचा. तुमचा मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर लिहीत असताना खांद्यावरून वाचू नका. काळजी घ्या, नियम करा, फोन किती वाजता ठेवायचा ते ठरवा, अनोळखी माणसांशी बोलणं नको हे समजावा. पण लिहिता लिहिता त्यांचं अर्धवट वाक्य वाचून प्रश्न विचारले, तर ती लिहायची थांबत नाहीत, फक्त लपून लिहू लागतात. आणि मुलांनाही शिकवा की रागात लिहिलेलं पाठवण्याआधी एकदा पूर्ण वाचायचं. सर्वांसाठी मिटवायची सोय आहे म्हणून समोरच्याने वाचलेलं त्याच्या मनातून मिटत नाही. व्हॉट्सॲपच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकेल ते ठरवता येतं. ते आजच पाहून घ्या, विशेषतः मुलींच्या फोनमध्ये.

तिसरा संबंध आठवणींचा. वेव्ह ३० एप्रिल २०१२ रोजी कायमची बंद झाली. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांचं अतिशय लाडकं असलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. गुगल प्लस सामान्य लोकांसाठी २ एप्रिल २०१९ रोजी बंद झालं. या सगळ्यांची मालक गुगलच, आणि प्रत्येक वेळी लोकांना आपापलं सामान उचलायला मुदत दिली गेली. तरीही ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचं तिथलं गेलं ते गेलंच.

एके काळी आखाती देशांत नोकरीला गेलेली आपली माणसं कॅसेटमध्ये आवाज भरून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर घरी पाठवत. कोकणातल्या कितीतरी घरांत अशा कॅसेट लोखंडी ट्रंकेत कपड्यांखाली जपून ठेवलेल्या असत. टेप अडकायची, आवाज फाटायचा, पण कॅसेट घरात असायची. आज आवाज रोज येतो, स्वच्छ येतो आणि फोनमध्ये पडून राहतो. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, की त्याच्याबरोबर तो आवाजही जाऊ शकतो. ज्या कंपनीच्या कपाटात तो ठेवला आहे, ती उद्या ते कपाट बंदही करू शकते. गुगलसारखी बलाढ्य कंपनी हे वारंवार करते हे आपण आता पाहिलंच.

म्हणून येत्या रविवारी एक काम करा. घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवा. दादांचे, अब्बांचे, नानीचे जे आवाजी निरोप जपावेत असे वाटतात, ते व्हॉट्सॲपमधून बाहेर काढून एका पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून घ्या. फाइलला नाव देताना कुणाचा आवाज आणि कोणती तारीख, एवढं नक्की लिहा. जुने फोटोही त्याच ठिकाणी ठेवा. दोन प्रती करा, एक आपल्याकडे आणि एक भावाच्या किंवा बहिणीच्या घरी. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते करताना मुलाला ते आवाज आपोआप ऐकायला मिळतील.